कुत्रं कुणासाठी

रविवारी संध्याकाळपर्यंत दाराशी कुत्रं आलं तर लडकू आणि त्याची बायको रंगू कुडशेतलाच राहणार, नाही आलं तर लेकाच्या, किशोरच्या, गाडीत बसून आसनगावला त्याच्या घरी जाणार, असं ठरलं होतं. ठरवलं होतं बापलेकांनी, फोनवर, एकमेकांवर चिडून. नंतर दोघांनाही ते जरा पोरकट वाटलं असावं. पण बोललेला शब्द मागे घ्यायची रीत त्या घरात नव्हती.

त्यांच्या कुत्र्याला, कोंड्याला, बिबट्याने पडवीतून उचलून नेलं त्याला पंधरवडा होत आला होता. फरफटत नेल्याची रेघ रंगूने शेणाने सारवून टाकली होती. तरी तिथून जाताना ती पाय जरा उचलून टाकायची. लडकूने ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

आता ओटीवर सगळी जमली होती. किशोर सकाळीच बायकोला, दिपालीला, आणि मुलीला घेऊन आला होता. रुपा, त्याची थोरली बहीण, मुरबाडकडच्या सासरहून पहिल्या एसटीने आली होती. अंगणात झोडणी होऊन गेलेल्या भाताच्या पेंढ्याची उडवी उभी होती आणि तिच्या उन्हाच्या बाजूला किशोरची मुलगी मनस्वी उगाच चढत-उतरत होती. रंगू चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"हा बघा बाबा," किशोरने मोबाइल पुढे केला. "जर्मन शेफर्ड. पोलिसांकडे असतो तो. कान बघा, कायम उभे."

लडकूने मोबाइल हातभर लांब धरला. "लांडग्यावानी दिसतंय."

"मग बरंच ना. बिबट्या घाबरेल."

"बिबट्या फोटू बघून घाबरनार हाय का?"

रुपा हसली. किशोरने तिच्याकडे पाहिलं. "ताई, तू हसू नको. मी ऑफिसात बसलेला असतो आणि डोक्यात हेच. ती दोघं रानाच्या कडेला, जवळ घर नाही, आणि बिबट्या पडवीत येऊन गेलाय."

"ते खरं हाय," रुपा म्हणाली. "पन बाबांचं ऐकून तरी घे."

लडकू याचीच वाट पाहत होता. त्याने मांडी नीट घातली. "वाडीवरच्या गंगीच्या कुत्रीला पिल्लं झालीत. त्यातला काळा वीसनखी हाय. मी सांगून ठेवलंय तिला, तो कुनाला देऊ नको."

मागच्या पायांनाही अंगठ्याचं जादा नख असलेलं, म्हणजे चारही पायांची मिळून वीस नखं भरणारं कुत्रं धीट निघतं, हे लडकूला त्याच्या बापाने सांगितलं होतं. आणि असं पिल्लू पैसे देऊन आणायचं नसतं. व्यालेल्या कुत्रीसाठी गूळ घातलेली तांदळाची पेज घेऊन जायचं, ती तिला पोटभर चाटू द्यायची आणि मग पिल्लू उचलायचं. या घरात आजवर आलेलं प्रत्येक कुत्रं असंच आलं होतं.

"कोंड्या पण वीसनखीच होता ना?" किशोरने विचारलं.

विचारून झाल्यावर त्याला कळलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

"व्हता," लडकू म्हणाला.

"पप्पा, लॅब्रेडॉर घेऊ या," मनस्वी उडवीवरून ओरडली. "तो कुणालाच चावत नाही."

"मनू, ते आपल्या घरी नाही येणारे," दिपाली घाईने म्हणाली. मग तिलाच ते लागट वाटलं आणि तिने आवाज खाली आणला. "मला एवढंच वाटतं, एकटं राहणारं असावं. म्हणजे आईबाबा कधी कुठे लग्नाबिग्नाला गेले, तर त्याचं कोण बघणार?"

लडकू म्हणाला, "येक आधीच सांगून ठेवतो. कुठलंबी आना, ते पडवीत राहील. घरात नाय."

"जंगलखात्याचा माणूस काय बोलून गेला?" किशोरचा आवाज चढला. "बिबट्या माणसासाठी आला नव्हता, कुत्र्यासाठी आला होता. बाहेर कुत्रं झोपलं की तो येणारच. रात्री आत घ्या, बाहेर दिवा लावा, असं त्याने स्पष्ट सांगितलंय."

"त्यानं घ्यावं त्याच्या घरात. आपल्या घरात देव हायत."

"मग नेईल तो दुसरंही."

"म्हनून तर मोठं आनतोस ना तू? का छोटं खाऊन त्याचं पोट भरलं नाय?"

रंगू चहा घेऊन बाहेर आली. कपांच्या खणखणाटात भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. किशोरने कप उचलला आणि ठरवल्यासारखं म्हणाला, "मुरबाडच्या पुढे एकाचं कुत्र्यांचं फार्म आहे. अनंता नाव त्याचं. मी बोलून ठेवलंय. नुसतं बघून येऊ. नाही पटलं तर संध्याकाळी तुम्ही दोघं बॅगा भरा."

"बघायला काय जातंय," लडकू म्हणाला. त्याचा चहा थंड होत होता.

"मी काय करू येऊन," रंगू म्हणाली. "वालाच्या शेंगा तोडायच्या पडल्यात."

"चल गो आये," रुपाने तिचा हात धरला. "तेवढंच माझ्याबरोबर बसशील. येताना मला सरळगावच्या नाक्यावर सोडा."

म्हणून रंगू आली.

*

गाडीत मागे तिघी दाटीने बसल्या होत्या आणि मनस्वी दिपालीच्या मांडीवर होती. किन्हवली मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडं आणि त्यांच्या मधून वर आलेला हिरवा वाल दिसत होता. रंगू खिडकीला टेकून तो बघत होती आणि दिपाली रंगूला बघत होती.

मागच्या वर्षी गुडघा सुजला तेव्हा रंगू आसनगावला येऊन राहिली होती. दोन खोल्यांच्या त्या घरात ती कुणाच्या पायात येऊ नये अशी भिंतीच्या कडेने चालायची. सकाळी तांदूळ धुतले की धुवण पातेल्यात धरून ठेवायची आणि मग ते पातेलं घेऊन उभी राहायची, कारण तिथे ते द्यायला ना गाय होती, ना कुत्रं, ना झाड. शेवटी मोरीत ओतायची. ते ओतताना ती दरवेळी मान दुसरीकडे करायची. दिपालीने हे किशोरला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, ती सासू नको म्हणून सांगते आहे.

आणि तसं थोडंफार होतंही. हे तिला स्वतःशी कबूल करावंच लागलं. आज कुठलंही एक कुत्रं पसंत पडावं, उभ्या कानांचं, पडलेल्या कानांचं, काळं, गोरं, कसलंही, असं तिला सकाळपासून वाटत होतं. ते सासूसाठी वाटत होतं की स्वतःसाठी, हे तिला नीट वेगळं करता येईना.

"आई, पाय लांब करा," ती म्हणाली. "मी सरकते."

"बरं हाय गो," रंगू म्हणाली आणि पाय तसेच ठेवले.

*

अनंताचं फार्म म्हणजे चिकूची वाडी होती आणि तिच्यात पत्र्याच्या छपराखाली जाळीची खुराडी. गाडी थांबताच सगळीकडून एकदम भुंकणं उठलं. अर्ध्या पँटीतला, हसतमुख, चाळिशीचा अनंता हात पुसत पुढे आला. त्याच्या पँटीला कुत्र्यांचे केस चिकटले होते.

"या, या. किशोरभाऊ ना? आईवडिलांसाठी पाहिजे बोलला होतात. बघा, आरामात बघा."

त्याने जर्मन शेफर्डचं एक पिल्लू आणून बाकड्यावर बसलेल्या लडकूच्या मांडीवर ठेवलं. पिल्लाचा एक कान उभा राहिला होता आणि एक अजून पडलेला होता.

"ह्याला गरम नाही का होणार आपल्याकडे? वैशाखात?" किशोरने विचारलं.

"अजिबात नाही. आता इथलाच झालाय."

"केस गळतात का?" दिपालीने विचारलं.

"नावालाही नाही."

दिपालीने त्याच्या पँटीकडे पाहिलं.

"भात खाईल?" लडकू.

"आवडीने."

"बिबट्या?" किशोर.

"वासाने पळतो बिबट्या."

"आणि लहान मुलांना चावतो का?" दिपालीने मनस्वीला जवळ ओढत विचारलं.

"गाय आहे वहिनी, गाय."

"गायच आनायची तर मंग गायच आनली असती," लडकू म्हणाला. "रोज दूध तरी दिलं असतं."

अनंता मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. ज्याला जे ऐकायचं आहे ते त्याला द्यायची सवय लागली होती, एवढंच.

लडकूने पिल्लू उताणं केलं, चष्मा पुढे ओढला आणि एकेक पाय बोटांत धरून नखं मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. शेवटचा पाय झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अठराच."

"काका, ह्यांना अठराच असतात. कधी मागच्या पायाला जादाची आली तर डॉक्टर लहानपणीच काढून टाकतात."

"काढून टाकतात?" लडकूने पिल्लाला हळूच खाली ठेवलं. "मुद्दाम?"

"अडकतात ना कुठेतरी, म्हणून."

"बघ किशोर. आमी जे शोधत फिरतो ते ही मान्सं कापून टाकतात."

किशोरचा धीर सुटला. "बाबा, मला एक सांगा. तुम्हाला यातलं कुठलंही पसंत पडणार आहे का? का तुम्ही नाही म्हणायलाच आलात?"

"मी कुठं नाय बोललो. मी अठरा बोललो."

"तेच ते. ठीक आहे. मग संध्याकाळी निघायचं. ठरलंय आपलं."

"निघायचं तर निघायचं," लडकू म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम शांत झाला.

रुपाला डोळ्यांपुढे कुडशेतचं दार दिसलं, आणि त्या दाराला कुलूप. गौरीला, भाऊबीजेला ती एसटीतून उतरून कुठे जाणार? आसनगावला, जिन्यावरून वर, घंटी वाजवून, पाहुण्यासारखी? सकाळपासून ती बापाच्या बाजूने होती. आता तिला दोघंही सारखेच दिसायला लागले, हट्टाने स्वतःचंच नुकसान करून घेणारे. आणि त्यातला एक तरी वाकायला हवा होता.

"बाबा, घ्या ना तो जर्मन," ती म्हणाली. "काय बिघडतंय? अठरा तर अठरा."

लडकूने तिच्याकडे पाहिलं. "तू पन?"

"मी पन. घर उघडं राहिलं पायजे. मंग त्यात कुत्रं कुठलंबी असूं द्या."

किशोरला बहिणीचा पाठिंबा मिळाला होता, पण त्याला त्याचा आनंद झाला नाही. बापाचा चेहरा त्याला बघवेना. तो उगाच जाळीपाशी जाऊन उभा राहिला.

"आजी कुठाय?" मनस्वीने विचारलं.

*

रंगू मागे होती. पाण्याच्या टाकीपलीकडे एका चिकूच्या सावलीत ती उकिडवी बसली होती आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून एक कुत्री पडली होती. फिकट पिवळट रंगाची, जाड, तोंडाभोवती पांढरी झालेली. सारखी पिल्लं पाजून तिची आचळं ओघळली होती. कोपरांवर केस जाऊन घट्टे पडले होते. रंगू तिचा कान उलटा करून त्यातले गोचीड एकेक काढत होती आणि दगडावर चिरडत होती. कुत्रीने डोळे मिटून घेतले होते.

"हिला किती गोचीड झालेत," सगळी जवळ आली तशी रंगू मान वर न करता म्हणाली. "बगितलं नाय वाटतं कुनी."

अनंता ओशाळला. "ती जुली. लॅब्रेडॉर. पहिल्यापासून आहे माझ्याकडे. आता पिल्लं बंद केली तिची, वय झालं. आठ वर्षांची आहे. अशीच पडून असते."

"आता काय करनार तिचं?"

"काय करणार मावशी. ठेवलीय. कोण नेणार?"

"मला दे."

"आई," किशोर म्हणाला, "ती म्हातारी आहे."

"मंग मी कोन हाय?"

रुपा हसली, दिपालीही हसली. रंगू हसली नाही. तिने दुसरा कान हातात घेतला.

"ही किती वर्षं जगतात रे?" तिने अनंताला विचारलं.

"दहा, अकरा. बारा म्हणजे खूप झाली."

"आनि गावठी? आमच्या कोंड्यावानी?"

"नीट ठेवलं तर पंधरासुद्धा."

"किशोर," रंगू म्हणाली, "गंगीचं पिल्लू आनलं आनि ते पंदरा वर्षं जगलं, तर शेवटी त्याच्याजवळ कोन असंल?"

बिबट्या, ऊन, राखण, सगळ्याचा किशोरने विचार केला होता. मोबाइलवर जातींची माहिती काढून काढून त्याने रात्री जागवल्या होत्या. आईवडिलांची वर्षं मात्र त्या हिशेबात त्याने धरलीच नव्हती. ती नेहमी असणारच होती.

"कुलूप लावलेल्या घरापुढं बसून राहील ते," रंगू म्हणाली. "तू नेशील आसनगावला? दिपालीनं काय करायचं त्याचं त्या दोन खोल्यांत? तिला कशाला त्यात घालायची."

दिपालीने खाली पाहिलं. सासूने आपलं सकाळचं बोलणं ऐकलं होतं, आणि ते मनात राग धरून ऐकलं नव्हतं, हे तिला आता कळलं.

"पिल्लू वाढवायला मला काय नाय," रंगू पुढे म्हणाली. "पन वाढवलं तर त्याचं म्हातारपन पन आपनच करायला पायजे. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाय आता. हिचं व्हईल. आमी तिघं बरोबरच म्हातारी हौ कुडशेतला."

"कुडशेतला?" किशोर म्हणाला. "म्हणजे तुला तिथंच राहायचंय?"

"मला कुनी इचारलं?"

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. चहात साखर किती, असं कुणी विचारावं तसं म्हणाली.

"तू फोनवर बोललास, हे फोनवर बोलले. ठरलं म्हनून दोघांनी मला सांगितलं."

किशोर तिच्यासमोर खाली बसला. इस्त्रीची पँट मातीत टेकली. "आता विचारतो."

"मंग सांगते. मला माझ्या घरी राहायचंय. कुत्रं असलं तरी, नसलं तरी. असलं तर बरं. ह्यांच्याशी बोलून बोलून मानूस किती बोलनार."

लडकू थोडा मागे उभा होता. पंधरवडाभर ती गप्प होती. ती मनातल्या मनात आवराआवर करते आहे, लेकाने हात पुढे केला की ती उठेल, आणि मग आपल्यालाही उठावं लागेल, असंच तो समजून चालला होता. लेकाशी भांडला तोही त्या भीतीनेच. एकाच खोलीत, एकाच चुलीपाशी बसून आपण तिला एवढं एक विचारू शकलो नाही, याचं त्याला नवल वाटलं. विचारायला भीती कसली होती? ती हो म्हणेल याची.

तो जवळ येऊन बसला. सवयीने त्याने जुलीचा मागचा पाय उचलला, अंगठ्याने पंजा जरा फाकवला, आणि मग न मोजताच पाय होता तसा खाली ठेवला.

"बिबट्या आला तर काय करंल ही?" त्याने विचारलं. किशोर विचारणार होताच. त्याच्याऐवजी आपणच विचारलेलं बरं, असं त्याला वाटलं.

"भुंकल," रंगू म्हणाली.

"भुंकती का रे ही?"

अनंताने थोडा विचार केला. "एकदाच भुंकते काका. पण जोरात."

या वेळी तो खरं बोलतो आहे असं सगळ्यांना वाटलं.

"आनि रातची आत झोपल," रंगू म्हणाली. "आदीच सांगते. पडवीत मी आता कुनाला झोपवनार नाय."

सगळ्यांनी लडकूकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"देवाच्या खोलीत नको फकत."

"तिला कुठं पूजा करायचीय," रंगू म्हणाली.

देण्याघेण्याचं निघालं तेव्हा अनंताने हात जोडले. हिच्या पिल्लांवर त्याची ही वाडी उभी राहिली होती, हिचे पैसे तो घेणार नव्हता. रंगूला ते पटलं, पण तसंच घेऊन जाणंही तिला पटेना. पिल्लाच्या आईला पेज देऊनच कुत्रं उचलायचं असतं, असं तिने त्याला सांगितलं.

"पण मावशी, ही स्वतःच आई आहे," अनंता म्हणाला. "हिची आई कुठून आणू?"

रंगू विचारात पडली. लडकूनेच तोडगा काढला. "मंग हिलाच घरी नेऊन पेज घालू. रीत थोडी उलटी झाली, एवढंच."

जुलीला गाडीत चढवताना अनंता दारापाशी रेंगाळला. तिच्या मानेखाली खाजवत त्याने सांगितलं की तिला फटाक्यांची भीती वाटते, आणि पपई आवडते. हे सांगताना तो हसत नव्हता.

*

रुपाला सरळगावला सोडून सगळी कुडशेतला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. नाक्यावर उतरताना रुपाने खिडकीतून आत हात घालून आईचा गाल दाबला होता आणि बापाला म्हणाली होती, "गौरीला येते." अजून कितीतरी महिने होते गौरींना.

रंगूने आल्या आल्या पेज टाकली. गुळाचा वास घरभर झाला. थंड करून तिने ती परातीत ओतली आणि जुलीपुढे ठेवली. जुलीने आधी परातीकडे, मग रंगूकडे पाहिलं. मग सावकाश, न सांडता, सगळी चाटून संपवली. मनस्वी तिच्या पाठीवर गाल टेकून बसली होती आणि जुलीला त्याचं काही नव्हतं.

तोवर किशोरने पडवीबाहेर दिवा लावला, मागच्या दाराची ढिली कडी घट्ट केली, खिडकीची एक फळी ठोकून घेतली. लडकू खिळे हातात घेऊन त्याच्या मागे मागे फिरला.

"तिकडचा खिळा वाकडा गेला."

"जाऊ दे बाबा, धरतोय ना."

"धरतोय."

दिवसभरातलं दोघांचं हे पहिलंच न भांडता झालेलं बोलणं होतं. दिपालीने वालाच्या शेंगांची पिशवी उचलून गाडीत ठेवली. मग परत येऊन तिने रंगूला वाकून नमस्कार केला आणि उठताना म्हणाली, "आई, तुम्ही दोघं कधी गावाला गेलात तर हिला मी नेईन. दोन-चार दिवस. मला भीती वाटते, पण नेईन."

"बग हां," रंगू म्हणाली. "केस गळतात हिचे."

"बघितले मी त्याच्या पँटीवर."

दोघी हसल्या, आणि हसताना रंगूने तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

किशोरने गाडीचं मागचं दार उघडलं. तो आवाज ऐकून ओटीवर पडलेली जुली उठली. आयुष्यभर तिला असंच गाडीत घालून कुठे कुठे नेलेलं होतं, पिल्लांसाठी, डॉक्टरकडे, दाखवायला. दार उघडलं की जायचं, एवढं तिला माहीत होतं. ती सावकाश पायऱ्या उतरली, अंगण ओलांडून गेली, पुढचे पाय वर ठेवले आणि धडपडत मागच्या सीटवर चढून बसली. आणि समोर बघू लागली.

मनस्वी टाळ्या पिटायला लागली आणि आईचा चेहरा बघून थांबली.

रंगू ओटीच्या कडेला उभी होती. रिकामी परात तिच्या हातात होती. "जाऊं दे," ती म्हणाली. "तिला जायचं असंल तर जाऊं दे. बळजबरी नको."

लडकू काहीतरी बोलणार होता. किशोरने हात वर करून त्याला थांबवलं.

तो गाडीत वाकला, जुलीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला उचलली. ती जड होती. त्याने तिला खाली ठेवली, मग पट्ट्याला धरून, तिच्या चालीने, थांबत थांबत तिला अंगणातून परत आणली. पायऱ्या चढवली. आईच्या पायापाशी बसवली. आणि तिने पुन्हा उठू नये म्हणून स्वतःही पायरीवर बसला.

"जुली," तो म्हणाला. त्याचा हात तिच्या डोक्यावर होता. "इथंच राहायचं. हे तुझं घर. इथून तुला कुणी नेणार नाही. कळलं?"

जुलीने शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

"कुणी नेणार नाही," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या डोक्यापासून हातभरावर आईचं लुगडं होतं, पण त्याने वर पाहिलं नाही. "मी येत जाईन. रविवारी येईन. पण न्यायला नाही येणार. तुझी तू राहा इथं, तुझ्या मनाप्रमाणं."

रंगूने परात खाली ठेवली. लडकू खांबाला टेकून उडवीकडे बघत राहिला. दिपाली मनस्वीला घेऊन गाडीत जाऊन बसली, पण तिने हॉर्न वाजवला नाही, घाई केली नाही.

जुली केव्हाच आडवी झाली होती, डोळेही मिटले होते. किशोर तिला अजून सांगतच होता.